तुमचे रक्त मला चालेल का?

आठवीच्या वर्गात हृदयाचे चित्र काढायचे म्हणजे मास्तराला दोन रंगांचे खडू लागतात, एक तांबडा आणि एक निळा. चार कप्पे काढायचे, बाण दाखवायचे, शुद्ध रक्त इकडून गेले नि अशुद्ध तिकडून आले म्हणून सांगायचे, की धडा संपला. गेल्या वर्षी हा धडा असाच संपवीत असताना शेवटच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, तुमचं रक्त मला चालेल का?"

वर्ग खो खो हसला. खोटे कशाला बोलू, मीही हसलो. तेवढ्यात घंटा झाली. मागाहून कळले की त्या मुलाची आई इस्पितळात होती आणि घरची माणसे रक्तासाठी दारोदार हिंडत होती. पोराने गंमत म्हणून विचारले नव्हते. त्या दिवशी माझ्याकडून राहून गेलेले उत्तर आज दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो आहे. उत्तर जरा लांबलचक आहे. पण ते शोधायला माणसाला दोन हजार वर्षे लागली, आणि त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आहे, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

आम्ही अंबरनाथ पश्चिमेचे रहिवासी. रूळ ओलांडून पूर्वेला गेले की वालधुनीच्या काठी शिलाहारांचे शिवमंदिर लागते. त्याच्या शिलालेखातले वर्ष शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. ज्या पाथरवटांनी त्या भिंतीवर इतक्या सुबक मूर्ती कोरल्या, त्यांच्या बोटाला छिन्नी लागून रक्त आले असेलच. पण ते रक्त कोठून निघते, कोठे जाते आणि परत येते की नाही, याची खरी हकीकत त्या काळी जगातल्या कोणत्याही वैद्याला सांगता आली नसती.

वैद्य स्वस्थ बसले होते असे मात्र नव्हे. सुश्रुताने सातशे शिरा मोजल्या आणि त्यांचे मूळ नाभीत मानले. चरकाने हृदयापासून निघणाऱ्या दहा मोठ्या वाहिन्या सांगितल्या आणि शरीरात अन्नरस वाहून नेणाऱ्या 'स्रोतसां'वर स्वतंत्र अध्याय लिहिला. तिकडे रोमच्या साम्राज्यात गॅलेन नावाचा मोठा वैद्य होऊन गेला. रक्त यकृतात तयार होते आणि पाटाचे पाणी शेतात जिरावे तसे ते अवयवांत जिरून जाते, असे त्याचे मत. हे मत युरोपात चौदाशे वर्षे वेदवाक्य होऊन बसले.

ते खोडले इंग्लंडच्या विल्यम हार्वेने, १६२८ साली. मौज अशी की, त्याचे एक मुख्य शस्त्र म्हणजे साधा गुणाकार! तो आजच्या आकड्यांनी करून पाहा. मोठ्या माणसाचे हृदय दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर ढकलते. मिनिटाला ७० ठोके धरले तर ४,९०० मिलिलिटर झाले, म्हणजे जवळजवळ पाच लिटर. आणि सबंध शरीरात रक्त असते तेही सुमारे पाच लिटरच. गॅलेनचे म्हणणे खरे असते तर यकृताला मिनिटामिनिटाला माणूसभर नवे रक्त करावे लागले असते! एवढे अन्न कोण खाणार? तेव्हा रक्त जिरत नाही, तेच ते फिरून परत येते, हे उघड झाले. धमन्यांतून ते शिरांत कसे जाते हे हार्वेला दिसले नव्हते. पुढे १६६१ साली इटलीच्या माल्पिघीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसातल्या केसासारख्या बारीक वाहिन्या पाहिल्या आणि तो दुवा जुळला.

रक्त फिरते हे कळल्यावर माणसाच्या मनात पुढचा विचार यायला वेळ लागला नाही. एकाच्या शरीरातले रक्त दुसऱ्याच्या शरीरात फिरवता येईल का? १६६७ साली पॅरिसमध्ये डेनी नावाच्या वैद्याने एका पंधरा वर्षांच्या मुलाला कोकराचे रक्त दिले. मुलगा नशिबाने वाचला. पुढे एक रोगी दगावला, प्रकरण कोर्टात गेले आणि या प्रकारावर बंदी आली. नंतर १८१८ साली लंडनच्या ब्लंडेलने माणसाला माणसाचेच रक्त देऊन पाहिले. त्याचे काही रोगी वाचले, काही गेले. एकाला अमृत ठरलेले रक्त दुसऱ्याला विष का व्हावे, हे कोणाच्याच ध्यानात येईना.

हे कोडे व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने सोडवले. काही माणसांचे रक्त एकत्र केले की तांबड्या पेशींच्या गाठी होतात, काहींचे केले तर होत नाहीत, हे पाहून त्याने १९०१ साली रक्ताचे तीन गट मांडले. चौथा लगेच पुढच्या वर्षी सापडला. ए, बी, एबी आणि ओ ही नावे आता घराघरांत झाली आहेत. पहिल्या महायुद्धात सालोनिकाच्या छावणीत हिर्सफेल्ड दांपत्याने अनेक देशांच्या सैनिकांचे रक्त तपासले, त्यात आपले हिंदी शिपाईही होते. त्यांच्यात बी गट युरोपियनांपेक्षा पुष्कळ अधिक निघाला. मात्र कोणताही गट कोणा एका जातीची वा देशाची मिरासदारी नाही, हेही त्यातूनच दिसले.

आता आपण मुंबईत येऊ. साल १९५२. रेल्वेच्या अपघातात सापडलेला एक आणि सुऱ्याने जखमी झालेला दुसरा, अशा दोन रोग्यांना रक्त हवे होते. तपासात गट ओ दिसे. ओला ओ द्यावे, यात शंका ती कसली? पण ओ गटाचे रक्त त्यांच्या रक्ताशी मिसळून पाहावे, तर गाठी! एकामागून एक दाते तपासले. ही संख्या दीडशेच्या वर गेली असे सांगतात. अखेर ज्याचे रक्त जुळले तो मुंबईचाच एक रहिवासी निघाला.

डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांनी या चमत्काराचा पिच्छा सोडला नाही. लंडनच्या तज्ज्ञांशी मिळून त्यांनी शोध पुरा केला, आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय पत्रात तो प्रसिद्ध झाला. या रक्ताला जगाने 'बॉम्बे' गट म्हटले. १९९५ साली शहराचे नाव अधिकृतपणे मुंबई झाले. रक्ताचे मात्र 'बॉम्बे'च राहिले.

यातले मर्म सोपे करून सांगतो. तांबड्या पेशीवर 'एच' नावाचा एक पदार्थ असतो. घराचे जोते म्हणा ना! त्या जोत्यावर ए किंवा बीचा मजला चढतो. ओ गटात मजला नसतो, नुसते जोते असते. बॉम्बे गटात जोतेच नसते. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला तो ओसारखा भासतो. पण त्या माणसाच्या रक्ताला ए, बी आणि एच हे तिन्ही परके वाटतात. म्हणून एरवी कोणालाही चालणारे ओचे रक्त याला दिले तर जिवावर बेतते. त्याला चालते ते फक्त बॉम्बे गटाचेच. अशी माणसे मुंबईच्या परिसरात सुमारे दहा हजारांत एक आढळतात, तर युरोपात दहा लाखांत एखादे.

इथे घरगुती वाचकांनी, विशेषतः वडीलधाऱ्यांनी, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. हा गट आई आणि बाप या दोघांकडूनही त्याचे बीज आले तरच प्रकट होतो. दोघांकडे ते लपलेले असेल तर प्रत्येक मुलामागे चारांत एक शक्यता. नात्यातल्या नात्यात सोयरीक झाली की असे दोघे एकत्र येण्याचा संभव वाढतो. आणि याहून नाजूक गोष्ट म्हणजे, आईचा गट ओ लिहिलेला आणि मुलगी एबी, असे झाले तर घरात कुजबुज सुरू व्हायला कितीसा वेळ लागतो? पण १९५५ साली अमेरिकेत लेव्हाइन यांनी नेमका असा प्रकार उलगडून दाखवला. आईकडे बीचे बीज होतेच, फक्त जोते नसल्यामुळे ते दिसत नव्हते. चाचणीच्या एका कागदावरून बायकोच्या चारित्र्याचा निवाडा करणाऱ्या पुरुषाला विज्ञानाने दिलेली ही चपराकच म्हणायची.

आणखी एक नवल सांगतो. त्याच सुमारास, १९५१ साली, आपल्या सैन्याच्या वैद्यकसेवेतल्या डॉ. बर्ड यांना कुळथाच्या अर्कात ए गटाच्या पेशींच्या गाठी करण्याचा गुण सापडला. कोकणात ज्याचे पिठले होते तोच हा कुळीथ! झाडाला हृदय नाही. पानांतून वाफ उडते आणि तिच्या ओढीने मुळांतले पाणी शेंड्यापर्यंत चढते. पानांत तयार झालेले अन्न दुसऱ्या नळ्यांतून खाली येते, दाण्यात साठते. त्या दाण्यातल्या एका पदार्थाने माणसाचे रक्त ओळखावे, ही सृष्टीची गंमतच नव्हे का? बॉम्बे गट ओळखतानादेखील एका काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क कामी येतो.

पुढे १९५७ साली मुंबईत रक्तगटांच्या अभ्यासाचे केंद्र निघाले. त्याचीच आज राष्ट्रीय संस्था झाली आहे आणि ती परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आहे. आता बॉम्बे गटाच्या दात्यांच्या याद्या असतात आणि निरोप मिळताच ही मंडळी दूरदूरच्या गावी धावून जातात. पण यादीत नाव यायला आधी आपला गट नीट ठाऊक हवा. ज्या घरात असा एक निघाला, तिथे त्याच्या सख्ख्या भावंडांनी आधी तपासून घ्यावे. कारण त्याला उपयोगी पडणारा माणूस त्याच्याच पंक्तीला जेवायला बसत असण्याचा संभव सर्वांत जास्त.

त्या मुलाची आई बरी होऊन घरी आली. तिचा गट साधा बी पॉझिटिव्ह होता, तरी दोन दिवस वणवण झाली. कारण गट साधा असला तरी रक्त कोणीतरी द्यावे लागते. अठरा वर्षे पुरी झालेल्या आणि पंचेचाळीस किलोंहून अधिक वजनाच्या निरोगी माणसाने एकदा ३५० मिलिलिटर दिले, तर हार्वेच्या हिशेबाने ती हृदयाची पाच ठोक्यांची कमाई आहे.

दिवाळीच्या सुटीनंतर मी तोच धडा पुन्हा घेणार आहे. तो मुलगा आता नववीत गेला, पण मधल्या सुटीत त्याला गाठून सांगणार आहे: "बाळा, माझे रक्त तुला चालेल की नाही, ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण द्यायला मी तयार आहे, हे मात्र त्या दिवशीच सांगायला हवे होते."