काटोलचा दगड, ढालाचं विवर : अशनी म्हणजे काय, ओळखायचा कसा?

लष्कर (ग्वाल्हेर) : 'तारा तुटला' असं आपण म्हणतो, पण तो तारा नसतोच. अवकाशातला खडक वातावरणात शिरला की तापून चमकतो; ती चमक म्हणजे उल्का. पूर्ण न जळता जो तुकडा जमिनीवर पोचतो, तो अशनी.

शेजारचं विवर

शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात ढाला इथं सुमारे ११ किलोमीटर व्यासाचं आघात-विवर आहे. लोणारचं जेमतेम १.८ किलोमीटरचं. ढालाचा आघात १७० ते २५० कोटी वर्षांपूर्वीचा मानतात. इतक्या मोठ्या धडकेत येणारा खडक बहुतेक वितळून, वाफ होऊन जातो. त्यामुळे 'ढालाचा अशनी' म्हणून कुणी दगड विकत असेल, तर खिशात हात घालू नका.

तीन प्रकार

१) पाषाणी : पडताना पाहिलेल्या शंभरातले चौऱ्याण्णवच्या आसपास याच जातीचे. त्यातल्या बहुतेकांत बारीक गोल कण असतात. त्यांना कॉन्ड्राइट म्हणतात. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला पडलेला अशनी 'एल ६' गटातला. 'एल' म्हणजे लोह कमी, '६' म्हणजे मूळ पिंडात भरपूर तापलेला. गोल कण नसतील तर अकॉन्ड्राइट. बिहारात शेरघाटीला १८६५ मध्ये पडलेला असा दगड मंगळावरचा निघाला.

२) लोह : लोखंड आणि निकेलचे. जालंधर भागात १६२१ मध्ये पडलेल्या लोहअशनीपासून जहांगीर बादशहाने हत्यारं घडवून घेतली होती.

३) लोह-पाषाणी : दगड आणि धातू मिसळलेले, सगळ्यांत दुर्मीळ.

दगड सापडला तर

ताज्या अशनीवर पातळ काळी, जळकी साल असते आणि आकाराच्या मानाने तो जड लागतो. चुंबक चिकटलं म्हणजे अशनी, असं मात्र नाही. भट्टीतल्या मळीलाही ते चिकटतं. उलट जोरदार चुंबकाने अशनीतली जुनी चुंबकीय नोंद पुसली जाते. पाण्याने धुतला तर आतलं लोह गंजतं. म्हणून धुऊ नका, फोडू नका, शेंदूरही लावू नका. जागेचा फोटो काढा, दिवस-वेळ लिहून ठेवा, दगड स्वच्छ कोरड्या पिशवीत ठेवा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा. देशातल्या अशनींचा मोठा संग्रह याच विभागाकडे कोलकात्यात आहे.

दगडाची जात प्रयोगशाळेतच ठरते. घरी एवढंच करायचं, की तिथं पोचेपर्यंत तो जसा पडला तसाच राहील.