हवाई छायाचित्रांतील वर्तुळे आणि नदीकाठची पेवे

नदीकाठच्या शेताच्या हवाई छायाचित्रात पिकामध्ये गडद रंगाची लहान वर्तुळे दिसली, तर ती जुन्या पेवांची खूण असू शकते. पेव म्हणजे धान्य साठवण्यासाठी जमिनीत खणलेला अरुंद तोंडाचा खड्डा. मात्र प्रत्येक वर्तुळ हे पेव नसते.

वर्तुळ का दिसते?

वापर संपल्यावर पेवात राख, केरकचरा आणि भुसभुशीत माती साचते. ही भर भोवतीच्या घट्ट मुरुमापेक्षा ओल अधिक काळ धरून ठेवते. पावसाने ताण दिला की तेथील पीक उंच व हिरवे राहते. गाडलेल्या दगडी भिंतीवरचे पीक मात्र लवकर पिवळे पडते. ब्रिटनमध्ये ओ. जी. एस. क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकात या खुणांच्या अभ्यासाला शास्त्रीय रूप दिले. मुळातच ओल धरणाऱ्या खोल काळ्या जमिनीत हा फरक पुसट होतो. त्यामुळे तेथे खूण न दिसणे हा पेवे नसल्याचा पुरावा ठरत नाही.

पेव की आणखी काही?

जुनी विहीर, वीटभट्टी किंवा उन्मळलेल्या झाडाचा खड्डाही वरून तसाच दिसतो. तत्कालीन जयपूर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याने रैढ येथे केलेल्या उत्खननात भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी आढळल्या. अशी विहीर आणि पेव यांतील फरक छायाचित्रावरून नव्हे, तर उत्खननानेच कळतो. वर्तुळांचा आकार, त्यांतील अंतर, वस्तीशी असलेली जवळीक आणि पुराची पातळी पाहून केवळ अंदाज बांधता येतो.

इनामगावचा दाखला

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इसवी सनपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत घरांबरोबर धान्य साठवण्याचे खड्डेही सापडले. अशा खड्ड्यांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. खड्ड्यात आज मिळणारा कचरा म्हणजे मूळची साठवण नव्हे. तसेच सर्व खड्डे एकाच वेळी वापरात होते असे मानून लोकसंख्या किंवा धान्याचे उत्पादन मोजल्यास आकडा फुगतो.

परंपरा आणि हानी

बंद पेवात धान्याच्या श्वसनाने प्राणवायू घटतो, कर्बवायू वाढतो आणि कीड मरते. म्हणूनच पेव उघडताच आत उतरणे जिवावर बेतू शकते. सांगलीजवळ कृष्णा-वारणा संगमावरील हरिपूर हे हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. २००५ च्या महापुरात तेथील अनेक पेवांत पाणी शिरून मोठी हानी झाली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

पूर, सपाटीकरण आणि विटांसाठी होणारा मातीचा उपसा यांमुळे नदीकाठच्या खुणा कायमच्या नष्ट होतात. अशा ठिकाणी जुने हवाई छायाचित्र हाच एकमेव पुरावा उरू शकतो. त्यामुळे छायाचित्रातील वर्तुळांची नोंद, जागेवरील पाहणी आणि शक्य तेथे उत्खनन, हा क्रम वेळीच पूर्ण होणे आवश्यक ठरते.