पत्रा तोच, थंडी वेगळी

निवृत्तीनंतर मी लखनऊला स्थायिक झालो. उत्तरकाशी आज उत्तराखंडात आहे. पण २० ऑक्टोबर १९९१ च्या पहाटे तिथे भूकंप झाला, तेव्हा तो जिल्हा उत्तर प्रदेशात होता, म्हणजे कारभार लखनऊचा. साडेसातशेहून अधिक माणसे गेली. वाचलेल्यांपुढे हिमालयातला हिवाळा होता.

दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ ला, आपलं किल्लारी हादरलं. तिथल्या पत्र्याच्या शेड तुम्हाला आठवत असतील. उन्हात त्या भट्टीसारख्या तापायच्या. डोंगरात तोच पत्रा रात्री बर्फासारखा गार पडतो. आतल्या माणसांच्या श्वासाची वाफ त्यावर साचते आणि थेंब अंथरुणावर गळतात.

म्हणून पहाडातल्या निवाऱ्याचं गणित वेगळं. पत्र्याखाली दुसरं अस्तर हवं आणि मध्ये हवेची पोकळी. जमिनीवर ताडपत्री, तिच्यावर गवताचा जाड थर. बर्फ घसरून जाईल असा छपराला उतार. खोली लहान आणि बुटकी, म्हणजे ऊब टिकते. शेगडी पेटवली तर धुराला वाट हवीच, नाहीतर झोपेतच जीव जातो.

८ ऑक्टोबर २००५ ला काश्मिरात उरी, तंगधार भागात हीच वेळ आली. पुन्हा ऑक्टोबर, पुन्हा बर्फ तोंडावर. गुरं आणि शेत सोडून पहाडी माणूस सहसा खाली उतरत नाही. त्यामुळे रस्ते बंद होण्याआधी सामान वर पोहोचवावं लागतं आणि पडक्या घरातलंच लाकूड वापरून त्याच्याच अंगणात निवारा उभा करावा लागतो.

भूकंपाची तारीख कळली, की मी आधी बर्फाला किती दिवस उरले ते मोजतो.