हॉईल–नारळीकर सिद्धांत

हॉईल–नारळीकर सिद्धांत : फ्रेड हॉईल आणि जयंत विष्णू नारळीकर यांनी 1964 मध्ये केंब्रिज येथे मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत. वस्तूचे वस्तुमान ही तिची खासगी मालमत्ता नसून विश्वातील इतर सर्व कणांकडून तिला ते मिळते, हा त्याचा गाभा.

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली एसटी आंबा घाटात वळली की उभा प्रवासी बाहेरच्या अंगाला कलंडतो. ‘जडत्व’ असे म्हणून पाठ्यपुस्तक मोकळे होते. पण गाडी वळली ती कोणाच्या सापेक्ष? दूरच्या ताऱ्यांच्या, असे भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माख यांचे उत्तर. प्रवाशाच्या कलंडण्यात त्या ताऱ्यांचाही हात असतो. आइन्स्टाइन यांना या विचाराची भुरळ पडली, तरी त्यांच्या 1915 च्या समीकरणांत तो पुरता उतरला नाही. रिकाम्या विश्वातल्या एकट्या कणालाही तिथे जडत्व उरतेच. कोल्हापुरात 1938 मध्ये जन्मलेल्या नारळीकरांनी आपले गुरू हॉईल यांच्यासह हीच फट बुजवायला घेतली.

व्हीलर आणि फाइनमन यांनी 1945 मध्ये विद्युतभारांसाठी एक मांडणी केली होती : मध्ये क्षेत्र नावाचा दलाल नको, कणाकणांत थेट व्यवहार. तोच हिशेब या दोघांनी वस्तुमानाला लावला. कण असंख्य असतील तर आइन्स्टाइन यांचीच समीकरणे हाती येतात, शिवाय गुरुत्वाकर्षण दूर न लोटता ओढतेच का, हेही उलगडते. कण एकच उरला, तर त्याचे वस्तुमान शून्य!

जून 1964 मध्ये रॉयल सोसायटीत हॉईल यांनी हे काम मांडले, तेव्हा श्रोत्यांत स्टीफन हॉकिंग हा संशोधक विद्यार्थी होता. त्याने उठून सांगितले, की प्रसरणशील विश्वात वस्तुमानांची ही बेरीज अनंत होते. कशावरून, असे विचारल्यावर गणित करून पाहिल्याचे उत्तर आले. आक्षेप वजनदार होता. इकडे भारतात मात्र पंचविशीतले नारळीकर घरोघरी पोहोचले आणि 1965 मध्ये पद्मभूषणचे मानकरी ठरले.

त्याच वर्षी वैश्विक सूक्ष्मतरंग प्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेकांनी महास्फोटाची, म्हणजे विश्वाला आरंभ असल्याची, बाजू घेतली. नारळीकरांनी घेतली नाही. 1993 मध्ये हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आरंभ नसलेले, स्थिरवत् स्थितीचे विश्व मांडले. त्याच्या पायाशी माख यांचा विचार होताच. नारळीकर 20 मे 2025 रोजी पुण्यात निवर्तले. त्यांनी तिथे उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत फुकोचा लंबक आहे. जमीन खालून फिरत राहते, लंबक दूरच्या ताऱ्यांशी इमान राखून झुलतो.