एकशे ब्याण्णव मतं

आमदाराची कारकीर्द मोजताना आपण त्याचे विजय मोजतो. सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचे विजय अकरा. पहिला १९६२ सालचा, शेवटचा २०१४ सालचा. मला मात्र त्यांच्या दोन पराभवांविषयी बोलावंसं वाटतं.

१९७२ मध्ये ते हरले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले. १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांनी त्यांना हरवलं, अवघ्या १९२ मतांनी! अशा वेळी माणूस पक्ष तरी बदलतो, नाहीतर घरी तरी बसतो. त्यांचा शेतकरी कामगार पक्ष तर तोवर पार रोडावला होता. पण १९९९ मध्ये त्याच लाल बावट्याखाली ते निवडून आले, मंत्रीही झाले. मंत्रिपद १९७८ मध्येही मिळालं होतं. बाकी बहुतेक काळ गेला तो विरोधी बाकांवर.

एस.टी.ने फिरणारे आमदार ही त्यांची ख्याती. मला ती अपुरी वाटते. सांगोला हा माणदेशी दुष्काळी मुलूख. कृष्णेचं पाणी इकडे यावं, तेही सर्वांना सारखं मिळावं, म्हणून नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकरांसोबत ते आटपाडीच्या पाणी परिषदांत उभे राहिले. सभागृहात मांडायचं आणि बाहेर लोकांसोबत मागायचं, असा तो वर्षानुवर्षांचा खटाटोप.

३० जुलै २०२१ रोजी ते गेले. त्याआधी, २०१९ मध्ये, वयोमानामुळे ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू उभा राहिला. जिंकले पुन्हा शहाजीबापूच, आणि पुन्हा हजाराच्या आतल्याच मतांनी.