बासमतीचं कुळ कोणतं?

बासमतीचा लांब, सडपातळ, मोकळा शिजणारा दाणा पाहिला की आपण धरूनच चालतो, हा भात 'इंडिका' घराण्यातला. 'जॅपोनिका' म्हणजे आखूड, जाड, चिकट. ही दोन घराणी 1928 साली जपानच्या शिगेमोतो काटो यांनी मांडली, पण त्यांचा मुख्य आधार दाणा नव्हता. दोन जातींच्या संकरातून आलेल्या रोपांना दाणे भरतात की पोचट राहतात, हे त्यांनी पाहिलं होतं. दाण्याच्या रूपाला ओळखपत्र केलं ते आपण.

1987 साली ग्लासमान या फ्रेंच संशोधकाने आशियातल्या 1,688 पारंपरिक जाती तपासल्या. पद्धत समजून घ्या. कोवळ्या रोपाचा रस काढायचा, स्टार्चच्या जेलीत ठेवायचा आणि वीज सोडायची. एकच काम करणाऱ्या एन्झाइमची वेगवेगळी रूपं असतात. विद्युतभार निराळा असला की ती जेलीत कमीजास्त सरकतात. वर रसायन ओतलं की रंगीत पट्टे उमटतात. खतापाण्याने दाणा बदलतो, पट्ट्याची जागा सहसा बदलत नाही. ती आईबापांकडून येते.

अशी 15 जनुकस्थानं तपासल्यावर सहा गट पडले. इंडिका पहिल्यात, जॅपोनिका सहाव्यात. बासमती? पाचव्यात, इराणच्या सद्री तांदळाशेजारी! पुढे 2005 साली डीएनएच्या अभ्यासातही हा सुगंधी गट इंडिकापेक्षा जॅपोनिकाच्या जवळ निघाला. मला ही गोष्ट फार आवडते. पिढ्यान्‌पिढ्या पंगतीत वाढलेल्या भाताचं गोत्र आपण चुकीचं सांगत होतो.

याला बाजाराची बाजू आहेच. सप्टेंबर 1997 मध्ये टेक्सासच्या राइसटेक कंपनीला बासमतीवर अमेरिकन पेटंट मिळालं. त्यातले दावे बरेचसे गुणांचे होते: झाडाची उंची, दाण्याची लांबी, सुगंध, शिजण्याची रीत. म्हणजे पुन्हा रूपच. भारताने 2000 साली आव्हान दिलं. 2001 पर्यंत बहुतेक दावे गळाले आणि शीर्षकातून 'बासमती' शब्दही गेला.

पाकिटातली भेसळ पकडायला मात्र एन्झाइमचे पट्टे पुरत नाहीत. त्यांनी घराणं कळतं, घर कळत नाही; सख्खी भावंडं सारखीच दिसतात. म्हणून व्यापाराने डीएनएची चाचणी धरली. ब्रिटनच्या 2005 च्या आचारसंहितेने बासमतीत इतर तांदूळ फार तर 7 टक्के चालेल असं ठरवलं. इथे पंचाईत अशी, की 1989 साली आलेल्या 'पुसा बासमती 1'मध्ये बुटकेपणा बाहेरच्या जातींतून आणलेला होता. मग अस्सल कोणाला म्हणायचं? नियमांना शेवटी मान्य जातींची यादीच करावी लागली. मला ते रास्त वाटतं, कारण रक्ताची शुद्धता शोधायला गेलात तर बासमतीच सापडणार नाही.

2020 साली पाकिस्तानच्या 'बासमती 334' आणि इराणच्या 'डोम सुफिद' यांचे जनुकसंच वाचले गेले. दोन्हींत जॅपोनिकाचा मोठा वाटा निघाला आणि त्यात बंगालकडच्या 'औस' भाताच्या कुळाची भर. ज्या सुगंधासाठी आपण जादा पैसे मोजतो, तो एका जनुकातली आठ अक्षरं गळाल्यामुळे येतो. थायलंडचा जॅस्मिन तांदूळ खरोखरच इंडिका आहे, तरी त्याच्यातही नेमकी तीच आठ अक्षरं गळालेली आहेत. 2009 च्या अभ्यासानुसार हा बदल मुळात जॅपोनिकात झाला आणि तिथून संकरातून दोघांकडे गेला.