विद्युतचुंबकीय कुलूप

विद्युतचुंबकीय कुलूप हे विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणाऱ्या चुंबकीय बळाने दार बंद ठेवणारे कुलूप आहे. व्यवहारात त्यास मॅग्नेटिक लॉक किंवा ईएम लॉक म्हणतात. कार्यालये, रुग्णालये व निवासी इमारतींत ते प्रवेश नियंत्रण यंत्रणेसह वापरले जाते. प्रवाह खंडित होताच दार मोकळे होणे हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य होय.

रचना व कार्य

चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी पट्टी बसवलेली असते. प्रवाह सुरू असेपर्यंत चुंबक पट्टीला धरून ठेवतो. त्यासाठी १२ किंवा २४ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो. प्रचलित कुलपे सुमारे २७० किंवा ५४० किलोग्रॅम भाराइतकी ओढ सहन करतात. मात्र चुंबक व पट्टी यांत थोडी जरी फट राहिली, तरी हे बळ झपाट्याने घटते.

इतिहास

आधुनिक विद्युतचुंबकीय कुलूप सम्नर सॅफिरस्टीन यांनी १९६९ मध्ये कॅनडातील माँट्रियल फोरम या क्रीडागृहासाठी तयार केले. कुलूपबंद दारे आगीच्या प्रसंगी धोकादायक ठरतील, अशी चिंता तेथील अग्निशमन अधिकाऱ्यांना होती. दारे उघडी धरून ठेवणाऱ्या चुंबकांचाच उपयोग सॅफिरस्टीन यांनी दारे बंद ठेवण्यासाठी केला.

जोडणी

कुलूप दाराच्या सुरक्षित, म्हणजे आतल्या बाजूस, चौकटीच्या वरच्या भागात आणि बिजागरीपासून दूरच्या टोकाकडे बसवतात. दार आत उघडत असल्यास झेड व एल आकाराचे ब्रॅकेट लागतात. लोखंडी पट्टी रबरी वॉशरवर किंचित हलती ठेवली जाते, म्हणजे ती चुंबकाला सपाट टेकते. तिचा स्क्रू पूर्ण आवळल्यास पट्टी तिरपी राहून पकड कमी होते. कार्ड रीडर बाहेर, तर नियंत्रक आत असतो. प्रवाह तुटताना चुंबकाच्या वेटोळ्यात उच्च विद्युतदाब उद्भवतो. त्यापासून रिलेच्या संरक्षणासाठी डायोड जोडतात. काही कुलपांत तो अंतर्भूत असतो.

सुरक्षितता

आतून बाहेर पडण्यासाठी बटण आवश्यक असते. ते केवळ नियंत्रकाला संदेश देणारे नसावे, तर कुलपाचा पुरवठा थेट तोडणारे असावे. अन्यथा नियंत्रक बिघडल्यास माणसे आत अडकतात. वीज गेल्यावरही दार बंद राहावे म्हणून बॅटरी जोडली जाते. अशा जोडणीत इमारतीचा मुख्य स्विच बंद केला तरी दार उघडत नाही. यास्तव अग्निसूचना यंत्रणेचा रिले बॅटरी व कुलूप यांच्यामध्ये जोडतात, जेणेकरून धोक्याच्या वेळी दोन्ही पुरवठे एकाच वेळी तुटतात. ही जोडणी झाल्यानंतर बॅटरी सुरू ठेवून तिची चाचणी घेणे आवश्यक असते.